नीटनंतरचा दुसरा फॉर्म

हा भाग एप्रिलमध्ये रेकॉर्ड करतोय, त्यामुळे मागं पंख्याचा आवाज येणार आहे. तो बंद करणं शक्य नाही, सांभाळून घ्या.

आजचा विषय माझ्या कामाचा नाही. मी सॉफ्टवेअरवाला माणूस. पण मागच्या काही आठवड्यांत गावाकडून, म्हणजे तुळजापूर तालुक्यातून, तीन-चार फोन आले. सगळ्यांचा सूर एकच. "दादा, पोरीची नीट तोंडावर आलीय. तुमच्या बहिणीचं झालंय ना मेडिकलला? मग पुढं काय काय लागतं?" प्रत्येकाला अर्धा-अर्धा तास तेच सांगितलं. मग म्हटलं, एकदाच माइकसमोर सांगतो आणि लिंक पाठवतो. तर हा तो भाग.

सुरुवात थोडी लांबून करतो. ऑफिसात माझ्या टीम लीड आहेत, त्यांची भाची अमेरिकेत मेडिकलला अर्ज करत होती. तिकडं पहिला अर्ज एकच असतो, एएमकॅस नावाच्या यंत्रणेतून बहुतेक कॉलेजांना जातो. तो गेला की खरा खेळ सुरू होतो. एकेक कॉलेज आपला वेगळा दुसरा फॉर्म पाठवतं. त्याला ते सेकंडरी म्हणतात. त्यात निबंध असतात. आमच्याच कॉलेजला का यायचंय? आयुष्यात कुठल्या अडचणीला तोंड दिलं? वीस कॉलेजांना अर्ज केला तर वीस सेकंडरी, आणि प्रत्येकाची शंभर डॉलरच्या आसपास वेगळी फी. मॅडम सांगत होत्या की पोरगी दोन महिने रात्री बसून नुसती लिहितेय.

मी ऐकलं आणि मला २०२३ चा जुलै आठवला. आमच्या घरीही दुसरा फॉर्म चालू होता. आपल्याकडं कुणी निबंध मागत नाही. तुम्हाला डॉक्टर का व्हायचंय हे पूर्ण प्रक्रियेत एकदाही विचारत नाहीत. पण अडचण मात्र सांगावी लागते. ती लिहायची नसते, स्कॅन करून जोडायची असते. पीडीएफमध्ये, सांगितलेल्या साइजच्या आत.

आता ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नीट ही फक्त परीक्षा आहे. तिचा निकाल लागला म्हणजे प्रवेश झाला नाही. सरकारी कॉलेजांतल्या १५ टक्के जागा देशपातळीवर भरतात, ते काम एमसीसी करते. उरलेल्या ८५ टक्के राज्याच्या, त्या आपल्या सीईटी सेलकडून भरतात. दोन्हीकडं वेगळी नोंदणी, वेगळी फी, वेगळा लॉगिन, वेगळ्या तारखा. नोंदणी, कागद अपलोड, मेरिट लिस्ट, मग पसंतीक्रम, मग एकेक राउंड. माझ्या लेखी हा सगळा मिळून एक दुसरा फॉर्म आहे. पहिल्या फॉर्मसाठी लेकरू दोन-तीन वर्षं लातूरच्या खोलीत बसून घासतं. दुसऱ्यासाठी घरात कुणी दोन दिवस काढत नाही. नेटकॅफेवर जायचं, तो भरून देतो, झालं. आणि मार्क असून जागा जाते ती इथं.

कागदांपासून सुरू करू.

माझ्या बहिणीनं बारावी २०२२ ला दिली. त्या वर्षी नीटमध्ये थोडक्यात राहिलं. (मार्क सांगणार नाही, तिनं बजावलंय.) एक वर्ष गॅप घेतला, २०२३ ला परत दिली, आणि यावेळी चांगलं झालं. आमच्याकडं एक निळी प्लॅस्टिकची फाइल होती. पहिल्या वर्षीच आण्णांनी सगळे कागद जमवून तीत लावले होते. डोमिसाइल, नॅशनॅलिटी, जातीचा दाखला, व्हॅलिडिटी, नॉन-क्रिमीलेअर, दहावीची सनद, टीसी, सगळं. त्यामुळे २०२३ ला आम्ही निवांत. फाइल तयार आहे ना!

नोंदणी सुरू झाली. मी पुण्यात, ती गावात, व्हिडिओ कॉल चालू. मी म्हणतोय, "हां, पुढचा कागद." ती स्कॅन करतेय, चढवतेय. नॉन-क्रिमीलेअर हातात घेतलं आणि गप्प झाली. मला वाटलं नेट गेलं. मग म्हणाली, "दादा, याच्यावर ३१ मार्च २०२३ लिहिलंय."

आणि आम्ही जुलैत होतो.

आम्ही धनगर. राज्यात आमचा प्रवर्ग एनटी-सी, आरक्षण साडेतीन टक्के. एससी आणि एसटी सोडले तर बाकी मागास प्रवर्गांना नॉन-क्रिमीलेअर लागतंच, आणि ते प्रवेशाच्या वर्षाच्या पुढच्या ३१ मार्चपर्यंत चालू असायला हवं. म्हणजे २०२३ च्या प्रवेशाला ३१ मार्च २०२४ पर्यंतचं. आमचं चार महिन्यांपूर्वी मेलेलं. दाखला नसेल तर सरळ खुल्या प्रवर्गात धरतात. दोन-तीन वर्षांचा अभ्यास, आणि एका ओळीतली तारीख.

पुढचे चार दिवस मी सांगतो, पण ते आण्णांनी कसे काढले ते त्यांनाच माहीत. तलाठ्याकडून उत्पन्नाचा अहवाल, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, सेतूत अर्ज, मग उपविभागीय कार्यालयाची मंजुरी. एका ठिकाणी सर्व्हर बंद. एका ठिकाणी साहेब मीटिंगला. एका टेबलावर सांगितलं की "आधी का नाही आलात?" आण्णा गप्प बसले. खरंच होतं ते. शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी दाखला ऑनलाइन दिसला. बहिणीनं तो डाउनलोड केला, आणि आई देवघरासमोर जाऊन बसली. मी पुण्यात खुर्चीत बसून घामाघूम झालो होतो, आणि एसी चालू होता.

आता तुमच्याकडं वळतो. आज एप्रिल आहे. ३१ मार्च नुकताच होऊन गेला. यंदा नीट देणाऱ्यांना ३१ मार्च २०२७ पर्यंतचं लागेल. काहींना तीन वर्षांच्या उत्पन्नावर तीन वर्षांचं मिळालेलं असतं, त्यांचं कदाचित चालू असेल. पण "असेल" म्हणू नका. हे ऐकता ऐकता उठा आणि फाइल काढून तारीख वाचा. मी थांबतो. ईडब्ल्यूएसवाल्यांनो, तुमचंही तेच आहे, तो दाखला त्या-त्या आर्थिक वर्षाचाच लागतो.

दुसरी गोष्ट, व्हॅलिडिटी. जातीचा दाखला वेगळा आणि जात पडताळणी वेगळी, हे अजूनही खूप जणांना दाखला हातात आल्यावर कळतं. दाखला प्रांत कार्यालयातून मिळतो, पडताळणी समिती करते. तिला वेळ लागतो. म्हणून अकरावी सायन्सला असतानाच कॉलेजच्या शिक्क्यानिशी अर्ज करायचा.

आमच्या घरात पहिली व्हॅलिडिटी माझी, २०१५ ला, इंजिनिअरिंगच्या वेळी. पहिल्याची असते ती खरी परीक्षा. कारण नुसतं तुमचं आणि वडिलांचं शाळेचं रेकॉर्ड पुरत नाही. प्रत्येक प्रवर्गाला एक ठरलेली तारीख आहे. एससीला १० ऑगस्ट १९५०, विमुक्त आणि भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७. त्या तारखेच्या आधीचा, तुमच्या बापाकडच्या रक्ताच्या नातेवाइकाचा, जातीची नोंद असलेला कागद दाखवा म्हणतात. आमचे आजोबा मेंढरांमागं फिरले. शाळेत गेलेच नाहीत. त्यांचं कुठल्याच रजिस्टरात नाव नाही. सरकारच्या लेखी माणूस जिवंत होता याचाच पुरावा नाही, तर जातीचा कुठून येणार?

आण्णा तीन महिने शोधत होते. शेवटी कुणीतरी सांगितलं की आजोबांच्या थोरल्या भावाला, आम्ही त्यांना बापू म्हणायचो, दोन वर्षं मामाच्या गावी शाळेत घातलं होतं. त्या जिल्हा परिषद शाळेत गेले. हेडमास्तरांनी कपाटातून रजिस्टर काढलं. पानं पिवळी, कडा वाळवीनं खाल्लेल्या. १९५८ सालची नोंद. नाव, बापाचं नाव, जात: धनगर. १९५८ म्हणजे १९६१ च्या आधी. त्याला प्रवेश-निर्गम उतारा म्हणतात. हेडमास्तरांनी सही-शिक्क्यानिशी दिला. मग वंशावळीचं शपथपत्र, बापू आमचे कोण हे दाखवायला. बापू दुसरीत शाळा सोडून परत मेंढरांमागं गेले होते. त्या दोन वर्षांवर आम्ही दोघं भाऊ-बहीण शिकलो.

माझी झाल्यावर बहिणीची पटकन झाली, कारण वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात एक व्हॅलिडिटी असली की काम बरंच हलकं होतं. तेव्हा तुमच्या काका-चुलत्यांत कुणाची झाली असेल तर तिची झेरॉक्स आधी मागून घ्या. भावकीत बोलणं बंद असेल तरी मागा. एवढ्यापुरतं बोला, नंतर परत बंद करा.

आणि आपल्या जिल्ह्याचं एक वेगळं आहे. हा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे जुने महसुली कागद उर्दूत, काही मोडीत. २०२३ पासून कुणबी नोंदी शोधण्याचं जे काम शिंदे समितीनं केलं, त्यात हेच कागद उघडले गेले. ज्यांच्या घरात अशी नोंद सापडलीय त्यांनी लक्षात ठेवा, दाखला मिळाला म्हणजे व्हॅलिडिटी आपोआप मिळत नाही. तिचा अर्ज वेगळा.

तिसरी गोष्ट छोटी आहे पण खूप लोक तिथं अडकतात. राज्यातला प्रवर्ग आणि केंद्रातला प्रवर्ग एकच असेल असं नाही. माझी बहीण राज्याच्या फॉर्मवर एनटी-सी, आणि एमसीसीच्या फॉर्मवर ओबीसी. केंद्रात एनटी नावाचा प्रकारच नाही. आणि तिथं केंद्राच्या नमुन्यातला वेगळा ओबीसी दाखला लागतो, राज्याचा चालत नाही. मराठा समाजाच्या मुलांना २०२४ पासून राज्यात एसईबीसीचं १० टक्के आहे, पण केंद्रात ते नाही. तिथं निकषात बसत असाल तर ईडब्ल्यूएस. म्हणजे एकच पोरगं, एकच आठवडा, दोन फॉर्म, दोन वेगळ्या ओळखी. माझ्या अमेरिकेतल्या त्या भाचीला वीस निबंध लिहावे लागले हे खरं, पण तिला निदान प्रत्येक ठिकाणी तीच मुलगी राहायचं होतं.

बाकीचे कागद भराभर सांगतो. दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून पास आणि डोमिसाइल, हा राज्य कोट्याचा पाया. सीमेलगतच्या लोकांनी, उमरग्याकडच्या, मूल शाळेला कर्नाटकात असेल तर आत्ताच माहिती पुस्तिका वाचा. मेडिकल फिटनेस ठरलेल्या नमुन्यातच घ्या, डॉक्टरच्या लेटरहेडवर नको. आधार, सनद आणि नीटच्या फॉर्मवरचं नाव एकसारखं आहे का बघा. आणि एक कळकळीची विनंती, मोबाइल नंबर आणि ईमेल स्वतःचा टाका. पहिल्या वर्षी नीटचा फॉर्म भरताना कॅफेवाल्यानं घाईत स्वतःचा नंबर टाकला होता. ओटीपी त्याला जायचा. तो दुकान बंद करून लग्नाला गेला की आमचं शिक्षण बंद. माणूस चांगला होता, पण लग्नं फार असायची त्याला.

आता पसंतीक्रम. हा माझा आवडता भाग आहे, कारण इथं मी स्वतः चूक केलेली आहे.

२०१५ ला माझ्या इंजिनिअरिंगच्या वेळी मी पसंतीक्रम भरला तो असा. मागच्या वर्षीचे कटऑफ बघितले. आपल्याला कुठं "नक्की" लागेल ते काढलं आणि ते पहिल्या नंबरवर टाकलं. जिथं जायची खरी इच्छा होती ते कॉलेज खाली टाकलं, कारण वाटलं की वर टाकलं आणि नाही लागलं तर हातचंही जाईल. पहिल्या राउंडला पहिली पसंती मिळाली. घरी पेढे. नंतर कळलं की माझ्यापेक्षा कमी मार्कांच्या एका मित्राला, मला हवं होतं तेच कॉलेज लागलं. त्यानं ते फक्त वर लिहिलं होतं. माझी तर पहिली पसंतीच पूर्ण झाली होती. मशीननं मी मागितलं ते मला दिलं. भांडणार कुणाशी?

पुढं कामाला लागल्यावर मला कळलं की ते सॉफ्टवेअर आतून कसं चालतं. फार साधं आहे. ते मेरिट लिस्टमधल्या पहिल्या मुलापासून सुरू करतं. त्याची पहिली पसंती उघडतं. तिथं त्याच्यासाठी जागा आहे? दिली. नाही? दुसरी पसंती बघ. तो संपला की दुसरा मुलगा. असं करत तुमचा नंबर येतो. तुमच्या पुढच्यांचं सगळं वाटून झालेलं असतं. मग ते तुमची यादी वरून खाली वाचतं, आणि पहिली जी शिल्लक जागा दिसेल ती देऊन मोकळं होतं. तुम्ही एखादं कॉलेज पहिलं टाकलं म्हणून त्या कॉलेजात तुम्हाला मान मिळत नाही. आणि वरचं एखादं मिळालं नाही म्हणून खालच्यात तुमचा नंबर मागं जात नाही.

आईनं बाजारात पाठवताना सांगितलं, हापूस असला तर हापूस आण, नसला तर केशर, तोही नसला तर गावठी. तुम्ही हापूस विचारला म्हणून फळवाला केशर द्यायचा नाही म्हणत नाही. पण तुम्ही आधी केशर मागितलात तर तो गुपचूप केशर तोलणार. मागं टोपलीत हापूस असला तरी.

तेव्हा पसंतीक्रम म्हणजे अंदाज बांधायची जागा नाही. कटऑफ बघा, पण यादी कुठपर्यंत लांबवायची ते ठरवायला बघा. क्रम लावायला नाही. क्रम एकाच गोष्टीवर, दोन्ही मिळत असतील तर मी कुठं जाईन? आणि जिथं मिळालं तरी जाणार नाही, फी परवडणार नाही, ते कॉलेज यादीतच नको. मिळालेली जागा सोडण्याचे नियम राउंडप्रमाणे कडक होत जातात. एमसीसीकडं पहिल्या राउंडला जागा सोडली तर काही बिघडत नाही, दुसऱ्यानंतर अनामत रक्कम जाते. राज्याचे नियम त्या वर्षीच्या माहिती पुस्तिकेत असतात. ती पुस्तिका कंटाळवाणी आहे. तरी वाचा. नीटच्या बायोलॉजीपेक्षा सोपी आहे.

एवढं सगळं कळत असूनही २०२३ ला मी परत तेच करायला निघालो होतो. एक्सेल शीट केली. रंग दिले, हिरवं म्हणजे नक्की, पिवळं म्हणजे बघू, लाल म्हणजे सोडा. आणि हिरवी वर लावली. स्वतःच्या बहिणीच्या बाबतीत भीती वाटली की गणित विसरतं माणूस. तिनं शीट बघितली आणि विचारलं, "लाल का काढलेत?"

"लागणार नाहीत म्हणून."

"लागणार नाहीत तर राहू दे की वर. नुकसान काय?"

मी दोन मिनिटं बोललो नाही.

मग तिघांची ओढाताण. आण्णांना धाराशिवचं सरकारी मेडिकल कॉलेज पहिलं हवं होतं. ते २०२२ लाच सुरू झालंय, शंभर जागा. त्यांचं गणित सरळ होतं, घरून डबा पोचतो. आणि आपल्या जिल्ह्याला मेडिकल कॉलेज आलं याचा त्यांना मनापासून अभिमान होता. आमच्या लहानपणी गंभीर पेशंट म्हटलं की जीप भरून सोलापूर. मला तिनं मोठ्या शहरात जावं असं वाटत होतं. तिचं म्हणणं तिसरंच. तिला जुनं हॉस्पिटल हवं होतं. वॉर्ड भरलेले, पुढच्या वर्षांचे सीनियर असलेले, पीजीची मुलं रात्री ड्युटीला असलेले. "नव्या कॉलेजात आमच्या पुढं एकच बॅच असेल, मी विचारणार कुणाला?" नवं कॉलेज वाईट असं ती म्हणत नव्हती, आणि मीही म्हणत नाही. आज तिथं परिस्थिती वेगळी आहे, पुढं बॅचेस आहेत. पण तिचा मुद्दा तिचा होता. शेवटी तिनंच वहीच्या पानावर यादी लिहिली. वर मुंबई-पुण्याची लाल रंगातली, मग सोलापूर, मग अंबाजोगाई, लातूर, मग धाराशिव, आणि खाली नांदेडपासून गोंदियापर्यंत बाकीची. सोलापूरचं १९६३ चं आहे. अंबाजोगाईचं सत्तरच्या दशकातलं. लातूरचं २००२ चं. आण्णांनी पान वाचलं, धाराशिव कितव्या नंबरवर आहे ते मोजलं आणि म्हणाले, "बरं."

इथं एक कंस. २०२० च्या आधी ही यादी आमच्या भागातल्या मुलीला अशी लिहिता आली नसती. म्हणजे लिहिता आली असती, पण तिचा उपयोग कमी होता. तेव्हा ७०:३० होतं. राज्य कोट्यातल्या ७० टक्के जागा त्या-त्या विभागातल्या मुलांना, ३० टक्केच सगळ्यांना खुल्या. मराठवाड्यात कॉलेजं कमी, उर्वरित महाराष्ट्रात जास्त. त्यामुळे आमच्याकडच्या मुलाला जास्त मार्क पडूनही जागा मिळायची नाही आणि तिकडं कमी मार्कांना मिळायची. तुळजापूरहून सोलापूर पाऊण-एक तासावर, पण विभाग वेगळा. सप्टेंबर २०२० मध्ये तेव्हाचे वैद्यकीय शिक्षणमंत्री अमित देशमुख यांनी ती पद्धत रद्द झाल्याचं जाहीर केलं. मुंबई-पुण्याच्या काही पालकांना ते पटलं नव्हतं, त्यांचीही बाजू होती. मला विचाराल तर ते आधीच व्हायला हवं होतं. कंस पूर्ण.

पहिल्या राउंडला तिला मिळालं... धाराशिव. आण्णा हसले, ते मी आजही विसरलेलो नाही. मोबाइलवर पीडीएफ मोठी करून करून बघत होते.

आणि मग खरी पंचाईत. प्रवेश घेताना एक प्रश्न येतो, हीच जागा कायम ठेवायची का पुढच्या राउंडला वरच्या पसंतीसाठी उभं राहायचं? कायम ठेवायची तर स्टेटस रिटेन्शनचा फॉर्म भरायचा. तो भरला की विषय संपला. नाही भरला तर तुम्ही पुढच्या राउंडमध्ये आहात, आणि वरचं काही मिळालं तर आधीची जागा आपोआप जाते. "नको, मला जुनीच बरी" म्हणता येत नाही. हे घरच्यांना आधी समजावून सांगा, कारण रांगेत उभं राहून समजावता येत नाही.

तिथं आई, आण्णा आणि ती. मी फोनवर. आई म्हणाली, "मिळालंय ना? भर की ते कागद. उगं हाव कशाला?" आईचं चुकत नव्हतं. आमच्या घरात हातात आलेलं सोडायची सवयच नाही. मला बहिणीचा आवाज ऐकू येत होता, रडवेला. "आई, मी सोडत नाहीये. वरचं नाही मिळालं तर हे माझंच आहे." मी म्हटलं, आईला फोन दे. आणि मी आईला तीच हापूस-केशरची गोष्ट सांगितली. तिनं ऐकून घेतली आणि म्हणाली, "आंब्याचं मला शिकवू नको. पोरगी कुठं राहील ते सांग." त्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं.

फॉर्म भरला नाही. सही कुणी करायची नाही हे ठरलं, असं म्हणा.

दुसऱ्या राउंडला अंबाजोगाई लागलं. स्वामी रामानंद तीर्थ. मूळ कागद एका कॉलेजातून काढून दुसरीकडं नेऊन द्यायचे, दिवस थोडे, पाऊस चालू. आण्णा आणि ती एसटीनं गेले, पिशवीत निळी फाइल, वर दोन प्लॅस्टिकच्या पिशव्या. तिथं बाँडही लिहून द्यावा लागतो. सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झाल्यावर एक वर्ष सेवा, नाहीतर १० लाख. आण्णांनी दहा लाखांचा आकडा दोनदा वाचला. मग विचारलं, "सेवा म्हणजे आपल्याकडच्याच दवाखान्यात का?" क्लार्क म्हणाले, कुठंही सरकारी ठिकाणी. "मग ठीक आहे," म्हणाले, आणि जिथं दाखवलं तिथं सही केली.

ती आता तिसऱ्या वर्षाला आहे. डबा पोचत नाही, हे आई अजून दर रविवारी ऐकवते.

कमेंटमध्ये प्रश्न विचारा, मला माहीत असेल ते सांगेन, नसेल ते बहिणीला विचारून सांगेन. पण तारखा आणि फी मला विचारू नका, त्या सीईटी सेल आणि एमसीसीच्या वेबसाइटवरच बघा, कुठल्या यूट्यूब चॅनेलवर नको आणि माझ्याकडं तर नकोच. आणि ज्यांनी अजून उठून नॉन-क्रिमीलेअरची तारीख बघितली नाही, त्यांनी आता तरी बघा. भाग संपलाय, आता काही कारण नाही.

चला, भेटू पुढच्या आठवड्यात.